मोठ्या मुलाचे आईबाबा होण्याआधी

दत्तक संस्थांच्या बोलीत 'मोठे मूल' म्हणजे पाच-सहा वर्षांच्या पुढचे मूल. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल दत्तक जाऊ शकते, पण पाचव्या वर्षाशी एक रेघ आहे. त्या वयापासून पुढे मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. तान्ह्या बाळाला कुणी विचारत नाही. सात वर्षांची मुलगी मात्र संस्थेच्या ऑफिसात समोर बसलेल्या दोन अनोळखी माणसांकडे नीट बघते, त्यांचे कपडे, त्यांचे हात, त्यांचा आवाज मनात टिपून ठेवते, आणि समाजकार्यकर्त्या ताईंनी विचारल्यावर आपले उत्तर देते. ते उत्तर नकाराचे असले तर तो नकार पाळावा लागतो. भावी पालकांच्या तयारीत सर्वांत आधी यायला हवी आणि बहुधा सर्वांत उशिरा उमगते ती बाब हीच. घरी येणाऱ्या माणसाचे आयुष्य या पालकांच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. त्या आयुष्याला घरात जागा करून देणे हे या तयारीचे खरे काम. कागदपत्रे, वैद्यकीय तपासण्या आणि खोलीची रंगरंगोटी त्यानंतर.

ही मुले संस्थेत येतात त्या वाटा वेगवेगळ्या असतात. कुणाचे आईवडील आजारात गेले आणि म्हाताऱ्या आजीला सांभाळणे झेपेना. कुणी रेल्वे स्थानकावर एकटे सापडले आणि घरचा पत्ता कधीच लागला नाही. कुणाच्या आईने दुसरे लग्न केले आणि नव्या घराने मुलाला दारातच थांबवले. कुणाच्या घरी दारू आणि मारहाण होती. काहींना जन्मदात्यांनी बालकल्याण समितीसमोर रीतसर सह्या करून सोडलेले असते. अनाथ किंवा टाकून दिलेले मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे असे समितीने जाहीर करण्यासाठी दोन वर्षांखालील बाळाला दोन महिन्यांची आणि त्यावरच्या मुलाला चार महिन्यांची मुदत बालन्याय कायद्यात आहे. प्रत्यक्षात ज्या मुलाचा मामा किंवा काका वर्षातून एकदा भेटायला येतो आणि न्यायला मात्र तयार नसतो, त्याचे प्रकरण रेंगाळत राहते. तिसऱ्या वर्षी बालगृहात आलेले मूल असे करता करता आठवीकडे झुकते, आणि मग त्याचे नाव दत्तकासाठीच्या यादीत येते.

यादीत नाव आल्यावरही घर लगेच मिळत नाही. देशात २०२४-२५ या वर्षी ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि महाराष्ट्र या कामात वर्षानुवर्षे आघाडीवर राहिला आहे. नोंदणी करून थांबलेली कुटुंबे त्याच्या कित्येक पट आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांखालचे, धडधाकट बाळ हवे असते. एकीकडे बाळासाठी तीन-तीन वर्षे थांबलेली घरे आणि दुसरीकडे घराची वाट बघत दरवर्षी एक इयत्ता वर सरकणारी मुले, असा हा विषम मेळ आहे.

मोठ्या मुलाचा विचार करणारे पालक कुठून येतात? बरेच जण वयाच्या नियमामुळे येतात. २०२२च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांखालील बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत असावी लागते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकासाठी याच टप्प्यांना ४०, ४५, ५० आणि ५५ वर्षांची मर्यादा आहे, आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षे उपचार, नवस, पुन्हा उपचार यांत घालवलेले जोडपे सत्तेचाळिशीत नोंदणीला येते तेव्हा वयाची बेरीज ९४ भरते आणि बाळाचा पर्याय संपलेला असतो. अशा वेळी 'मग मोठं चालेल' हे वाक्य संस्थेत ऐकू येते. 'चालेल' म्हणणारे पालक वाईट नसतात. पण त्या शब्दात न झालेल्या बाळाचे दुःख अजून ओले असते. ते दुःख मोकळे झाल्याशिवाय सात वर्षांचे मूल घरी आणले, तर त्या मुलाला रोज एका न दिसणाऱ्या बाळाशी तुलना सोसावी लागते. म्हणून कसलेली समाजकार्यकर्ती पहिल्या भेटीत मुलांबद्दल फारसे बोलतच नाही. ती विचारते, उपचार कधी थांबवले, कुणी थांबवले, त्या दिवशी घरी गेल्यावर दोघे एकमेकांशी काय बोललात. कित्येक जोडप्यांनी त्या दिवसाबद्दल एकमेकांशी तोवर चकार शब्द काढलेला नसतो.

दुसरा गट पुण्यभावनेने येणाऱ्यांचा. एका जिवाचे कल्याण व्हावे ही इच्छा चांगली आहे, तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु उपकाराच्या पायावर आईबापपण उभे राहत नाही. उपकार करणारा कृतज्ञतेची वाट पाहतो, आणि दहा वर्षांचे मूल कृतज्ञ नसते. त्याने नसावेही. ज्या मुलाने आपले सगळे गमावून नवे घर स्वीकारले आहे, ते घर मिळाल्याबद्दल आभार मानण्याची सक्ती त्याच्यावर करणे क्रूरपणाचे आहे. 'पोराचं नशीब उघडलं' असे नातेवाईक म्हणणारच. पालकांनी ते मुलासमोर खोडून काढायचे असते. याखेरीज गेलेल्या मुलाच्या जागी, एकुलत्या मुलाला सोबत म्हणून, म्हातारपणाची काठी म्हणून अशी आणखी कारणे पुढे येतात. या कारणांमुळे कुणाला लगेच अपात्र ठरवले जात नाही. मात्र त्यांवर काम झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे अनुभवाचे सांगणे आहे. मुलाला एखाद्या रिकाम्या जागेच्या मापाने आणले की ते त्या मापात बसत नाही, आणि दोष मुलावर येतो.

गृह अध्ययन अहवालासाठी समाजकार्यकर्ती घरी येते तेव्हा पालक परीक्षेला बसल्यासारखे सावरून बसतात. पडदे धुतलेले असतात, कपाटातले दागिन्यांचे कागदही काढून ठेवलेले असतात. खरे तर घर किती मोठे यापेक्षा घरात राग कसा व्यक्त होतो, हे तिला जाणून घ्यायचे असते. तुम्हाला लहानपणी मार बसला का, कुणाकडून, तुम्ही रागावलात की अबोला धरता की आवाज चढवता, नोकरी जाण्याच्या वेळी घर कसे सावरले, सासूबाईंचे आणि तुमचे मतभेद कशावरून होतात, असे प्रश्न येतात. मोठे मूल पालकांच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. अबोल्याची सवय असलेल्या घरात आलेल्या मुलाला तो अबोला पुन्हा टाकून दिल्यासारखा लागतो. ती जागा आधी माहीत असली तर सावरता येते. हा अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो. त्या काळात आजारपण, बदली, गरोदरपण, घरातला मृत्यू असे काही घडले तर संस्थेला कळवणे पालकांच्याच हिताचे असते.

तयारी फक्त नवरा-बायकोची करून भागत नाही. आजी-आजोबा एकत्र राहत असतील तर त्यांना बैठकीला बोलवावे. त्यांची शंका बहुतेकदा सरळ असते: 'रक्त कुणाचं, जात कोणती, मोठेपणी मूळ घरी निघून गेला तर?' या शंकांना झिडकारले की त्या मुलाच्या पाठीआड बोलल्या जातात आणि कधीतरी मुलाच्या कानावर पडतात. समोरासमोर बोलल्या तर निदान घरात काय बोलायचे नाही ते ठरते. घरात आधीचे मूल असेल तर त्यालाही खरे सांगावे लागते. येणारी ताई किंवा दादा आपल्यापेक्षा मोठा असला तर त्याचा ज्येष्ठपणाचा मान जातो, आईचे लक्ष महिनोन्‌महिने दुसरीकडे राहते, त्याची खेळणी मोडतात. 'तुला खेळायला कुणीतरी मिळेल' एवढेच सांगणे ही त्याची फसवणूक आहे.

दत्तक नोंदणीच्या पोर्टलवरून मुलाचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल हाती येतो तेव्हा पालकांचे डोळे आधी फोटोवर आणि मग आजारांच्या रकान्यावर जातात. हे स्वाभाविक आहे. पण मोठ्या मुलाच्या कागदांत जे लिहिलेले नसते ते शोधणे अधिक महत्त्वाचे. मूल किती ठिकाणी राहिले? प्रत्येक ठिकाणाहून हलवताना त्याला काय सांगण्यात आले? त्याला भावंडे आहेत का, असली तर कुठे? भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे नियम सांगतो. तरी ती कधी आधीच दुरावलेली असतात, आणि आपली धाकटी बहीण कुठे आहे हा प्रश्न घेऊन मूल नव्या घरी येते. संस्थेत त्याचे सर्वांत जवळचे माणूस कोण? पुष्कळदा ते स्वयंपाकाच्या मावशी किंवा रात्रपाळीच्या काकू असतात, आणि मुलाचा खरा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो. मूल कशाने घाबरते, कसे शांत होते, कोणत्या कुशीवर झोपते, हे त्यांना विचारून घ्यावे. जन्मतारखेबद्दल सावध असावे. सापडलेल्या मुलाचे वय डॉक्टरांनी दात आणि हाडांच्या वाढीवरून अंदाजाने ठरवलेले असते. त्यात एक-दोन वर्षांची तफावत निघू शकते आणि ती शाळेत, वयात येताना जाणवते.

मुलाची तयारी संस्था करते, पण तिला साहित्य पालकांनी पुरवायचे असते. घराचा एक साधा अल्बम आधी पाठवावा: दार, जिना, स्वयंपाकघर, झोपायची जागा, संडास-बाथरूम, शेजारचा कुत्रा, आजी, शाळेचा रस्ता. मॉलमधले आणि थंड हवेच्या ठिकाणचे फोटो नकोत. त्याने मूल सहलीची अपेक्षा करते आणि घरी आल्यावर साध्या मंगळवारी गोंधळते. भेटी एकाहून अधिक व्हाव्यात, मधल्या काळात फोनवर बोलणे व्हावे. बोलणे अडखळले तर चित्र काढावे, एकत्र जेवावे. मूल ओडिशा, झारखंड किंवा बिहारमधले असेल तर त्याच्या भाषेतले दहा-वीस शब्द शिकून जावेत. दुखतंय, भूक लागली, भीती वाटते, घरी, नको, एवढ्या शब्दांनी पहिला आठवडा निभावतो. निघण्याच्या दिवशी संस्थेतल्या मुलांचा, मावशींचा निरोप नीट घेऊ द्यावा. 'रडेल म्हणून झोपेतच गाडीत घातलं' असे प्रकार घडतात, आणि ते मूल पुढे कित्येक रात्री गाडीच्या आवाजाने दचकते.

नावाचा प्रश्न इथेच येतो. पालकांना हौसेने शोधलेले नाव ठेवायचे असते. अनेक मुलांकडे स्वतःचे म्हणावे असे नावाशिवाय दुसरे काही नसते. ते नाव रस्त्यावर सापडल्यावर पोलिसांनी ठेवले असेल, संस्थेतल्या ताईंनी ठेवले असेल, तरी इतकी वर्षे त्याच नावाने कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली आहे. आडनाव नवे येतेच. पहिले नाव मुलाने स्वतः मागितल्याशिवाय बदलू नये, असे ठाम मत या कामात मुरलेल्या बहुतेकांचे आहे.

मुलाला दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आणले जाते. २०२१ साली बालन्याय कायद्यात झालेली दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. कागदांचा हा भाग संस्था पार पाडते. घरातले पहिले आठवडे मात्र पालकांनाच निभवायचे असतात, आणि खरी दमछाक तिथे होते.

सुरुवातीचे काही दिवस, कधी महिना-दोन महिने, मूल विलक्षण शहाण्यासारखे वागते. स्वतःचे ताट स्वतः घासते, कपड्यांच्या घड्या घालते, विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही, आल्यागेल्याला नमस्कार करते. पालक भारावतात, नातेवाइकांना फोन करून सांगतात. या टप्प्याला ताई फारशा खूश होत नाहीत. हे शहाणपण म्हणजे सावधपणा आहे हे त्यांना माहीत असते. मूल पाहुण्यासारखे राहत असते आणि पाहुण्याला आपण कधी जायचे हे विचारण्याची हिंमत होत नाही. काही मुले विचारतात: 'इथे किती दिवस राहायचं?' या प्रश्नाला 'कायमचं' हे उत्तर खरे आहे, पण ते मुलाला कळत नाही, कारण त्याने आजवर पाहिलेले काहीच कायम राहिलेले नसते. त्यापेक्षा 'उद्या शाळेची पिशवी आणू, दिवाळीला आजीकडे जाऊ, पुढच्या पावसाळ्यात तुला नवा रेनकोट लागेल' असे पुढचे पुढचे दिवस त्याच्या नावावर मांडत गेले की हळूहळू उमगते.

मग पोळी उशीखाली सापडते. किंवा दप्तरात बिस्किटांचा चुरा, कपाटामागे वास मारणारे केळे. घरात खाण्याची कमतरता नसताना हे का, या प्रश्नाने आई दुखावते. जेवणाची घंटा चुकली तर रात्रीपर्यंत काही मिळणार नाही, हे त्या शरीराने वर्षानुवर्षे शिकलेले असते आणि शरीर भरल्या फ्रिजकडे बघून एका दिवसात विसरत नाही. चोरी म्हणून रागावण्यापेक्षा मुलाच्या हाताला येईल असा एक डबा त्याच्या नावाने ठेवावा. त्यात चिक्की, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू असावेत, कधीही घेण्याची मुभा असावी, आणि तो डबा रिकामा दिसता कामा नये. साठवण आपोआप थांबते. काही घरांत चार महिन्यांत, काहींत दोन वर्षांत.

झोपेचेही तसेच. पंचवीस मुलांच्या दालनात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली झोपलेल्या मुलाला स्वतंत्र खोली, ताऱ्यांची छापील चादर आणि बंद दार यांची भीती वाटते. सजवलेली खोली ही बहुतेक वेळा मोठ्यांची हौस असते. पहिले काही महिने आईबाबांच्या खोलीत गादी घालावी, दिवा ठेवावा. 'काय खाशील?' हा प्रश्नदेखील जड जातो, कारण आजवर कुणी विचारलेलेच नसते. पोहे की उपमा, एवढी दोनातली निवड पुरते.

त्यानंतर कसोटीचा काळ येतो. क्षुल्लक कारणावरून मूल भांडे फेकते, खोटे बोलते, शेजारच्या मुलाचे पेन आणते, 'तू माझी आई नाहीस' असे आईच्या तोंडावर सांगते. आई म्हणून सांभाळणारी बाई पुष्कळदा अधिक सोसते आणि बाबा लवकर लाडके होतात. मुलाच्या मनात आईची जागा आधीच्या दुःखाने भरलेली असते, म्हणून तिथे येणाऱ्या नव्या माणसाला जास्त झगडावे लागते. अशा वेळी बाबांनी आपण लाडके झालो यात सुख मानू नये आणि 'तुलाच जमत नाही' असे तर चुकूनही म्हणू नये. मुलाला विचारायचे असते ते एकच: इतका वाईट वागलो तरी ठेवाल का? या प्रश्नाचे उत्तर रोज, न थकता, कृतीने द्यावे लागते. मोडलेले भांडे एकत्र गोळा करावे, पेन मुलासोबत जाऊन परत करावे, आवाज खाली ठेवावा, मार कधीही देऊ नये. आणि एक वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे: 'असं केलंस तर परत सोडून येईन.' रागात नाही, लाडात नाही, पाहुण्यांसमोर गंमत म्हणूनही नाही. दुसऱ्या मुलांना ती पोकळ धमकी वाटते; या मुलाच्या आयुष्यात ती खरी होऊन गेलेली असते.

या वागण्यामागची कारणे अभ्यासकांनी पुष्कळ तपासली आहेत. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मांडले की लहानपणी एका स्थिर, प्रेमळ माणसाचा सहवास तुटला तर मुलाच्या मनाच्या वाढीवर खोल परिणाम होतो. १९८९ नंतर रुमानियातल्या भयानक अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सहा महिन्यांहून अधिक काळ तिथे काढलेल्यांपैकी काहींच्या अडचणी मोठेपणापर्यंत टिकल्या. त्याच वेळी चांगल्या घरात गेल्यावर मुलांनी शरीराने आणि बुद्धीने घेतलेली झेपही थक्क करणारी होती. आपल्याकडच्या संस्था त्या अनाथालयांसारख्या नाहीत, तरी पालकांना या दोन्ही गोष्टी सांगणे आवश्यक ठरते. फक्त दुसरी सांगितली तर पहिल्या वर्षातच घर निराश होते.

आठ वर्षांचे मूल एखाद्या दिवशी मांडीवर बसून भरवून घेऊ लागते, बोबडे बोलते, अंथरूण ओले करते. हे मागे जाणे शुभलक्षण आहे. जे बाळपण मिळाले नाही ते मागण्याइतका विश्वास आता बसला, असा त्याचा अर्थ. भरवावे, थोपटावे, चादर गाजावाजा न करता बदलावी. त्याउलट भेटेल त्याच्या गळ्यात पडणारे, पहिल्याच दिवशी 'आई, आई' करणारे मूल पाहून हुरळू नये. त्याने बरीच माणसे येताना-जाताना पाहिली आहेत आणि पटकन लळा लावणे हे त्याचे जगण्याचे तंत्र झाले आहे. अशा मुलाच्या बाबतीत पहिले काही महिने जेवण, अंघोळ, झोपवणे, लागले-खुपले बघणे हे सारे आईबाबांनीच करावे. गणपतीला पन्नास पाहुण्यांच्या कडेवर ते फिरू नये.

जन्मदात्या घराबद्दल बोलणे हा पालकांना सर्वांत अवघड जाणारा भाग. मुलाला आपल्या आईचा चेहरा आठवतो, तिच्या हातची भाकरी आठवते, तिने मारलेलेही आठवते. तरी ती त्याची आई असते. नव्या आईवर प्रेम केले तर जुनीला विसरल्यासारखे होईल, या कैचीत मूल वागणूक बिघडवते. 'तुझी ती आई आता कुठे असेल असं वाटतं तुला?' असे पालकांनी आपण होऊन, सहजपणे विचारले की ती कैची सैल होते. जन्मदात्यांची निंदा करू नये आणि खोटी गोड गोष्टही रचू नये. संस्थेतले फोटो, मावशींची नावे, पहिल्या शाळेचा दाखला, आठवणीतल्या गावाचे चित्र असे सगळे एका वहीत किंवा फोल्डरमध्ये ठेवावे. समाजकार्यात त्याला लाइफ बुक म्हणतात. ती वही मुलाची. कुणाला दाखवायची हे मुलाने ठरवायचे. सोसायटीत, शाळेत, लग्नाकार्यात लोक कहाणी विचारतात. 'ती त्याची गोष्ट आहे, त्याला वाटलं तर तो सांगेल' हे उत्तर पालकांनी आधीच तोंडपाठ करून ठेवावे. आणि आपले मूल दत्तक आहे हे मात्र लपवू नये. मोठ्या मुलाच्या बाबतीत ते लपतही नाही.

मोठ्या मुलाने लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार सोसलेला असू शकतो आणि तो कागदांत नसतो. सुरक्षित वाटू लागल्यावर, बहुधा सहा-आठ महिन्यांनी, मूल एखाद्या रात्री काहीतरी बोलून जाते. त्या वेळी उलटतपासणी करू नये, चेहऱ्यावर घृणा येऊ देऊ नये, 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढे म्हणावे आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेशी व बालमानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे.

शाळेची घाई हा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांचा सर्वसाधारण दोष. मूल जूनच्या तोंडावर आले की पंधरा दिवसांत इंग्रजी माध्यम, शिकवणी, पोहण्याचा वर्ग. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या मुलासाठी विशेष प्रशिक्षण अशी तरतूद आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हक्क आहे म्हणून लगेच वापरला पाहिजे असे नाही. काही आठवडे घरीच राहू द्यावे. शक्य असेल तर मुलाला येणाऱ्या भाषेचीच शाळा पहिली दोन वर्षे असावी. चौथीच्या वयाच्या मुलाला दुसरीचे वाचन येत नसते, हे त्याच्या बुद्धीचे मोजमाप नव्हे. नात्याच्या पहिल्या वर्षात अभ्यासावरून रणे झाली तर आईबाबा हे आणखी एक शिक्षक होऊन बसतात. वंशवृक्ष काढा, जन्मापासूनचे फोटो आणा, असे गृहपाठ येतात. त्याबद्दल वर्गशिक्षिकेशी आधी बोलून ठेवावे.

नोकरी करणाऱ्या पालकांपुढे रजेची मोठी अडचण उभी राहते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने दत्तक आईला दिलेली बारा आठवड्यांची रजा तीन महिन्यांखालच्या बाळापुरतीच होती. मोठ्या मुलाला नव्या घरात रुळायला कमी वेळ लागतो ही समजूत त्यामागे दिसते, आणि ती सपशेल चुकीची आहे. तेव्हा कार्यालयाशी आधीच बोलून, साठवलेली रजा दोघांनी आळीपाळीने घेऊन निदान तीन-चार महिने एक पालक पूर्णवेळ घरी राहील अशी सोय करावी. बाळंतपणानंतर बाईला उदास वाटते हे आता लोकांना कळते. दत्तकानंतरही तसेच होते. इतकी वर्षे वाट पाहिलेले मूल समोर झोपलेले असते आणि आईला किंवा बाबांना मनात काहीच वाटत नाही. या गोष्टीची लाज वाटून ती दडवली जाते. प्रेम मागून येते, आधी रोजचे करणे येते, हे आधीच सांगितले गेले तर लाज उरत नाही.

क्वचित मूल संस्थेत परत येते. आदेशापूर्वीच्या संगोपनाच्या काळातले मोडणे आणि आदेशानंतर दत्तकच रद्द होणे, असे त्याचे दोन प्रकार नियमावली मानते. परत आलेल्या मुलाची अवस्था पाहिलेली ताई पुढच्या प्रत्येक पालकाशी अधिक कठोरपणे बोलते, आणि ते योग्यच आहे. मूल ठरवून टाकते की आपल्यातच काहीतरी खोट आहे; पुढच्या भेटीला ते ऑफिसात यायला नकार देते. मात्र अशी घरे वाईट माणसांचीच असतात असे नाही. बहुतेक ठिकाणी अडचण तिसऱ्या महिन्यात सुरू झालेली असते आणि संस्थेला फोन नवव्या महिन्यात येतो.

म्हणूनच दत्तकानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी होणाऱ्या पाठपुराव्याच्या भेटींत 'सगळं छान चाललंय' असे सांगण्याची सवय पालकांनी सोडावी. ती भेट तपासणीसाठी ठेवलेली नाही, मदतीसाठी आहे. दोन वर्षांनंतरही वयात येताना, दहावीच्या सुमारास, घरातल्या एखाद्या मृत्यूनंतर जुने प्रश्न नव्याने उठतात. तेव्हाही संस्थेशी, समुपदेशकाशी बोलावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्तीला मूळशोधासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसोबत करता येतो. ज्या घरांत जन्मघराबद्दल मोकळेपणाने बोलले गेलेले असते, तिथे हा अर्ज बहुधा आईबाबांच्या शेजारी बसून भरला जातो.

ज्यांच्या मनात मोठ्या मुलाचा विचार आला आहे त्यांनी पोर्टलवर वयाचा रकाना भरण्याआधी मोठे मूल घरी आणलेल्या दोन-तीन कुटुंबांना भेटावे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत दत्तक पालकांचे गट आहेत, आणि संस्थेकडे विनंती केली तर तीही अशी भेट घडवते. त्यांतले एक कुटुंब असे असावे ज्याचे पहिले वर्ष फार अवघड गेले. त्यांना विचारावे की मदत कधी मागितली, कुणाकडे मागितली, आणि मूल त्या वर्षाबद्दल आज काय म्हणते.